पोळपाट, तांब्या आणि पाच पावलं

सिंगापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅसची शेगडी आणि सिंक एकाच ओट्यावर होते, मध्ये जेमतेम वीतभर जागा. घर भाड्याचं, त्यामुळे ओटा बदलायचा प्रश्नच नव्हता. राहायला गेलो त्या दिवशी समोरच्या दारातल्या आंटी दोन संत्री घेऊन आल्या. सिंगापुरात वयानं मोठ्या बाईला, मग ती शेजारीण असो की मासे विकणारी, आंटीच म्हणतात. दोन्ही हातांनी त्यांनी संत्री पुढे केली, मी दोन्ही हातांनी घेतली. मग त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि म्हणाल्या, "इथं आग आणि पाणी भांडणार. मध्ये लाकूड ठेव."

खोक्यातून नुकताच काढलेला माझा पोळपाट ओट्यावरच पडला होता. सागवानी, तीन पायांचा, लग्नात आईनं वाईच्या बाजारातून घेऊन दिलेला. आंटींनी तो उचलला, उलटसुलट करून बघितला आणि त्या वीतभर जागेत भिंतीला टेकवून उभा केला. "हं. आता बरं."

नऊ वर्षं तो तिथंच राहिला. पोळ्या लाटायला घ्यायचा, पुसायचा, परत तिथंच उभा करायचा. फोडणी देताना सिंकमधलं पाणी तेलात उडायचं थांबलं, हा फायदा मला पहिल्याच आठवड्यात कळला. आंटींना मी तो सांगितला, तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या लेखी त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

फेंगशुई म्हणजे काय, याची माझी तोवरची समजूत पुण्यातल्या भेटवस्तूंच्या दुकानांवर पोसलेली होती. तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, हसरा बुद्ध, काचेच्या ग्लासात लाल रिबिनीनं बांधलेला 'लकी बांबू'. तो बांबू मुळात बांबूच नाही. ड्रॅसीना जातीचं ते झाड मध्य आफ्रिकेतलं, कॅमेरूनच्या बाजूचं. हसरा बुद्धही बुद्ध नव्हे, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, खांद्यावर पोतडी टाकून हिंडणारा एक चिनी भिक्षू, पूताय. दोन हजार वर्षांहून जुना एक विचार आपल्याकडे पोचला तो असा फळीवर मांडलेल्या वस्तू होऊन, याचं मला आज खरंच वाईट वाटतं. आंटींच्या घरात यातलं काहीच नव्हतं. दाराच्या चौकटीशी आकाशदेवाच्या उदबत्त्यांची छोटी लाल नळी, उंबऱ्यापाशी जमिनीलगत भूमिदेवाची जागा आणि बाकी घर आपल्या कुणाच्याही घरासारखं.

त्यांनी पाच बोटांवर मला ते पाच शब्द शिकवले. मू म्हणजे लाकूड, ह्वो म्हणजे आग, थू म्हणजे माती, चिन म्हणजे धातू, श्वै म्हणजे पाणी. मी लगेच मनात आपल्या पंचमहाभूतांशी जुळणी करायला बसले आणि अडखळले. पृथ्वी, आप, तेज सापडले, वायू कुठं? आकाश कुठं? आणि लाकूड आणि धातू हे कसे काय महाभूत होतील? लाकूड तर पृथ्वी आणि आप यांच्यातूनच वर आलेलं!

हा घोळ निस्तरायला मला बरंच वाचावं लागलं. चिनी भाषेत या पाचांना 'वूशिंग' म्हणतात. 'वू' म्हणजे पाच आणि 'शिंग' म्हणजे चालणं, जाणं. आपण 'तत्त्व' म्हणून मोकळे होतो, पण मूळ शब्दात पदार्थ नाहीच, चाल आहे. पाच पावलं म्हणा हवं तर. आपल्या ऋषींनी विचारलं, जग कशाचं बनलंय? चिनी विचारवंतांनी विचारलं, जग वळतं कसं, एका अवस्थेतून दुसरीत कसं जातं? त्यांच्या एका अतिप्राचीन राजग्रंथात या पाचांची ओळख क्रियापदांनीच करून दिली आहे. पाणी भिजवतं आणि खाली उतरतं. आग पेटते आणि वर जाते. लाकूड वाकतं आणि सरळ होतं. धातू सांगाल तसा बदलतो. मातीत पेरणी आणि कापणी होते. लगेच पुढं पाच चवी: खारट, कडू, आंबट, तिखट, गोड. कुठं आहे यात आकाश? आकाश चालत नाही, म्हणून ते नाही. आणि वारा पाचांत नसला तरी या विद्येच्या नावातच बसला आहे: 'फेंग' म्हणजे वारा, 'शुई' म्हणजे पाणी. चौथ्या शतकातल्या क्वो फू या पंडिताच्या नावावर असलेल्या दफनविधीच्या ग्रंथात म्हटलंय की प्राण वाऱ्यावर बसला की विखुरतो आणि पाण्याच्या काठाशी आला की थांबतो. घर असो की थडगं, अशा जागी बांधायचं की वारा अडेल आणि पाणी जवळ राहील.

एक गोष्ट मात्र थेट आपल्या दारात येऊन थांबते. चिनी भाषेत मंगळाला अग्नितारा म्हणतात, बुधाला जलतारा, गुरूला काष्ठतारा, शुक्राला धातुतारा आणि शनीला मृत्तिकातारा. जपानी लोक आजही मंगळवार ते शनिवार या वारांची नावं याच पाचांवरून घेतात. आपला मंगळवार त्यांचा अग्निवार, आपला गुरुवार त्यांचा लाकूडवार. तेच ग्रह, त्याच क्रमानं. हे कळल्यापासून दर शुक्रवारी स्टीलचे डबे घासताना मला आज धातूचा वार आहे हे आठवतंच.

आंटींचं इंग्रजी वेगळं, माझं वेगळं. त्यात त्या मधूनच त्यांची त्यओच्यू बोली मिसळायच्या. त्यांचे वडील दक्षिण चीनमधल्या षानथौजवळच्या एका गावातून बोटीनं आलेले. पण पाच पावलांचं चक्र समजायला भाषा लागतच नव्हती, त्या हातांनी दाखवायच्या. लाकूड जळतं, आग होते. आग विझते, राख होते, म्हणजे माती. मातीच्या पोटात धातू. धातूतून पाणी. पाण्यावर लाकूड वाढतं. एकाच्या पोटी दुसरं, आईच्या पोटी मूल यावं तसं. आणि मग दुसरं चक्र, आवर घालणारं. लाकडाची मुळं माती फोडतात. माती पाण्याला बांध घालते. पाणी आग विझवतं. आग धातू वितळवते. धातूची कुऱ्हाड लाकडावर.

सगळं पटलं, एक सोडून. धातूतून पाणी कसं? मी तसं म्हणाले तेव्हा आंटींनी माझ्या फ्रिजमधलं थंड पाणी माझ्याच तांब्याच्या तांब्यात ओतलं आणि गप्प बसून राहिल्या. सिंगापूरची हवा ती, दोन मिनिटांत तांब्याला घाम फुटला. थेंब ओघळून टेबलावर आले. जुन्या काळी चिनी लोक चांदण्या रात्री धातूचं पात्र उघड्यावर ठेवून दव गोळा करायचे आणि त्या पाण्याला पवित्र मानायचे. डोळ्यांनी जे रोज दिसतं, त्यावरच हा विचार उभा आहे.

तो नुसता स्वयंपाकघरात राहिला नाही, राजघराण्यांपर्यंत पोचला. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणणाऱ्या छिन सम्राटानं असं धरलं की आधीचं चौ घराणं आगीचं होतं, म्हणून आपण पाणी. पाण्याचा रंग काळा, आकडा सहा. मग झेंडे काळे झाले आणि रथाला सहा घोडे लागले. पण मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते मिंग घराण्याच्या नावांनी. मूळ पुरुष चू युआनचांग, राज्य सुरू १३६८ मध्ये. त्यानं ठरवून दिलं की पुढच्या प्रत्येक पिढीच्या नावातल्या अक्षरात पाचांपैकी एकाचं चिन्ह असेल, आणि तेही जन्म देणाऱ्या चक्राच्या क्रमानं. त्याचा मुलगा चू ती, ज्यानं राजधानी बीजिंगला नेली, त्याच्या नावात लाकूड. त्याच्या मुलाच्या नावात आग. नातवाच्या नावात माती, पणतवाच्या नावात धातू, त्याच्या मुलाच्या नावात पाणी. पुन्हा लाकूड. बाप मुलाला नुसता जन्म देत नाही, आपल्या तत्त्वातून त्याचं तत्त्व वाढवतो, असा त्यामागचा भाव. हे चक्र दोनदा पूर्ण फिरलं आणि तिसऱ्यांदा लाकडावर आलं तेव्हा राज्य बुडालं. शेवटचा सम्राट चू यौच्येन, नावात लाकूड. १६४४ मध्ये बंडखोर राजधानीत शिरले तेव्हा राजवाड्यामागच्या चिंगशान टेकडीवर जाऊन त्यानं झाडाला गळफास घेतला. ती टेकडीही खंदकाच्या खोदकामातून निघालेल्या मातीची. हे वाचलं त्या रात्री मी दिवा मालवून बराच वेळ जागी होते.

त्या राजवाड्यात, बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, जवळजवळ सगळी छपरं पिवळ्या कौलांची आहेत. पिवळा मातीचा रंग, माती मध्यभागी आणि सम्राट जगाच्या मध्यभागी. एका इमारतीची कौलं मात्र काळी, हिरव्या काठाची. ते ग्रंथालय, वनयुआन क ('क' म्हणजे मजली वास्तू), १७७६ मध्ये पुरं झालेलं. काळं म्हणजे पाणी. कागदाला भीती आगीची, म्हणून पाणी छपरावर चढवलेलं. याचा नमुना ज्या वास्तूवरून घेतला ती दक्षिणेकडच्या निंगपो शहरात आहे: थ्येनयी क. फान छिन नावाच्या निवृत्त अधिकाऱ्यानं १५६१ ते १५६६ या काळात आपल्या पुस्तकांसाठी बांधलेलं घर. 'आकाशाचा एक पाणी जन्माला घालतो, पृथ्वीचा सहा ते पुरं करतो' या जुन्या वचनातून त्यानं नाव घेतलं आणि घरही तसंच बांधलं. वरचा मजला म्हणजे एकच सलग दालन, खालचा सहा खोल्यांचा. समोर तळं. आत दिवा किंवा विस्तव न्यायला बंदी. त्या ग्रंथालयाची पुस्तकं लुटीत गेली, १९१४ मध्ये मोठी चोरी झाली, पण ती लाकडी इमारत आजही उभी आहे.

मला हे उदाहरण इतकं का आवडतं, सांगते. आकडा, नाव आणि काळा रंग यांनी आग विझत नाही, हे फान छिनला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यानं तळं खणलंच, विस्तवाला बंदी घातलीच. पण ज्या घराच्या नावातच पाणी आहे, खोल्या मोजतानाही ज्यात पाणी आठवतं, त्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी निष्काळजीपणे मेणबत्ती घेऊन जिना चढत नाही. राजवाड्याच्या अंगणांत ब्राँझचे प्रचंड हंडे होते, पाण्यानं भरलेले, आग लागली तर उपयोगी पडावेत म्हणून. त्यांना 'दाराशी असलेला समुद्र' म्हणायचे. बीजिंगच्या हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून हंड्यांना रजया गुंडाळायच्या आणि खाली विस्तव पेटवायचा. आगीसाठी ठेवलेलं पाणी आगीनंच जपायचं! धातूत पाणी, पाण्याखाली आग, आगीत लाकूड, सगळं मातीवर. पाचही एका हंड्याभोवती उभे.

आंटींच्या वडिलांच्या गावाचा एक फोटो त्यांच्या भिंतीवर होता. त्यात एका घराची कडेची भिंत दिसते, छप्पर जिथं संपतं तिथली. त्यओच्यू भागात या भिंतीच्या माथ्याचे पाच आकार असतात. गोल म्हणजे धातू, उंच सरळ म्हणजे लाकूड, लाटेसारखा पाणी, टोकदार आग, सपाट माती. गवंडी आसपासच्या टेकड्यांचे आकार बघतो, घरमालकाचं तत्त्व बघतो आणि मग माथा ठरवतो. टेकडी टोकदार, म्हणजे आगीची असेल, तर तिच्यापुढे लाकडाचा माथा बांधून चालणार नाही. फोटोतला माथा लाटेचा होता. आंटींनी ते घर आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

बाबा गेले त्या वर्षी आई तीन महिने माझ्याकडे राहायला आली. वाईतलं घर विकायचं की नाही यावरून आमचं रोज वाजायचं. मी म्हणायची, एकटी राहू नकोस. ती म्हणायची, अगं, मी एकटी नाहीये, घर आहे ना. मी चढ्या आवाजात बोलायची, ती गप्प व्हायची, आणि तिचं ते गप्प होणं मला आणखी पेटवायचं.

स्वयंपाकघरावरूनही तिची नाराजी होतीच. तिच्या वास्तुशास्त्रात अग्नी आग्नेयेला, पाणी ईशान्येला. दोघं इतके जवळ म्हणजे अघटित. "आणि ती तुझी आंटी म्हणते, पाणी उत्तरेला आणि आग दक्षिणेला? हे कुठलं शास्त्र?" तेव्हा मला सुचलं नाही, नंतर सुचलं. उत्तर चीनमध्ये बोचरे थंड वारे उत्तरेकडून येतात आणि ऊन दक्षिणेकडून, म्हणून त्यांचं पाणी तिकडं आणि त्यांची आग इकडं. आपला नकाशा आपल्या पावसानं, आपल्या वाऱ्यानं आखलेला. सिंगापूर तर विषुववृत्ताला लागून, तिथं सूर्य डोक्यावरून जातो, वर्षाचे काही महिने तर उत्तरेकडून. दोन्ही नकाशे तिथं पाहुणेच. आंटींनी माझ्या घरात कधी होकायंत्र काढलं नाही. त्यांनी फक्त शेगडी आणि सिंकमधलं अंतर पाहिलं होतं.

मध्ये लाकूड ठेवण्याला चिनी ज्योतिषात एक शब्द आहे, 'थोंगक्वान'. घाट मोकळा करणं, नाकं खुलं करणं, असा काहीसा त्याचा अर्थ. दोन तत्त्वं भिडली की कुणा एकाला हरवायचं नाही. दोघांच्या मधलं तिसरं आणायचं, म्हणजे पहिल्याचा जोर तिसऱ्यात जातो आणि तिसरं दुसऱ्याला पोसतं. पाणी आगीवर धावून येतं. मध्ये लाकूड आलं की पाणी लाकडाला जाऊन मिळतं आणि लाकूड आगीला धरून ठेवतं. आग आणि धातू भिडले तर मध्ये माती: लोखंडी कपाटाच्या खोलीत लाल भिंत डोळ्यांत भरत असेल तर मातीच्या रंगाची जाजमं घाला, कुंड्या ठेवा. धातू आणि लाकडाच्या मध्ये पाणी. लाकूड आणि मातीच्या मध्ये आग. माती आणि पाण्याच्या मध्ये धातू. घरगुती फेंगशुईतलं मला पटलेलं सगळं या एका युक्तीत आहे. बाकीची तावीज-तोरणं मी सोडून दिली.

एका सकाळी, आदल्या रात्रीच्या मोठ्या भांडणानंतर, आंटी मोड आलेल्या मुगांची टोपली घेऊन आल्या आणि टेबलावर ओतून गेल्या. तिकडं त्याला ताउगे म्हणतात. आपल्या मोडांपेक्षा लांबलचक, पांढरे, आणि रांधण्याआधी प्रत्येकाचं शेपूट खुडायचं असतं. किलोभर मूग, एकेक शेपूट. आई म्हणाली, "मोडाचं शेपूट कशाला काढायचं? सत्त्व त्यातच असतं." पण हात चालू झाले. तास दीड तास आम्ही समोरासमोर बसून शेपटं खुडत होतो. एकमेकींकडे बघायचं नव्हतं, मूग बघायचे होते. त्यात ती कधी बोलायला लागली ते कळलं नाही. बाबांनी कोणत्या साली कोणती खोली वाढवली, गच्चीची गळती, मागच्या दारी कढीलिंबाचं झाड कुणी लावलं. मी मध्ये तोंड घातलं नाही. घराचा निर्णय त्या दिवशी झाला नाही, पण त्यानंतर भांडण कधी तसं झालं नाही. आंटींनी ते मूग मुद्दाम आणले होते का, मी कधी विचारलं नाही.

आईनं लिट्ल इंडियातून एक तुळस आणून कॉरिडॉरमध्ये ठेवली होती. रोज सकाळी तांब्याच्या तांब्यानं तिला पाणी घालायची, निरांजन लावायची, हात जोडायची. एक दिवस आंटी समोरच्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. आईचं झालं तेव्हा त्या पुढं आल्या आणि बोटं मोजायला लागल्या. तांब्याकडे बोट, चिन. पाण्याकडे, श्वै. तुळशीकडे, मू. निरांजनाकडे, ह्वो. मग वाकून त्यांनी कुंडीतल्या मातीला बोट लावलं, थू, आणि तेच बोट परत तांब्यावर टेकवलं. चक्र पुरं. आईला त्यातला शब्द कळला नाही. पण कुणीतरी आपली पूजा नीट बघितली, हे तिला कळलं. तिनं आत जाऊन वाटीभर साखरफुटाणे आणून आंटींच्या हातावर ठेवले.

त्यानंतर एका रविवारी आम्ही तिघी सनटेक सिटीचं कारंजं बघायला गेलो. पाच मनोरे, उघड्या पंजाची पाच बोटं असावीत तसे, त्यातला एक आखूड, अंगठ्यासारखा. आणि तळहातावर ब्राँझच्या खांबांवर उचललेलं ब्राँझचं भलं मोठं कडं, ज्यातून पाणी बाहेर न उडता आत पडतं. १९९५ चं बांधकाम. ब्राँझ मुद्दाम, कारण धातूतून पाणी. आणि आत पडणारं पाणी म्हणजे घरात राहणारी संपत्ती. लोक मधल्या छोट्या कारंज्याला हात लावून तीन फेऱ्या मारत होते. आईनं विचारलं नाही, कुणी सांगायचीही वाट पाहिली नाही. पदर खोचला, ओला हात डोळ्यांना लावला आणि प्रदक्षिणा घालायला लागली. आंटी तिच्या मागं.

आई परत निघाली तेव्हा बॅगेचं वजन होत होतं जास्त. तिनं तांब्या काढून बाजूला ठेवला. मला वाटलं, माझ्यासाठी. तिनं तो चिंचेनं घासून लखलखीत केला, आत चिमूटभर तांदूळ घातले, कारण भांडं रिकामं द्यायचं नसतं, आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. आंटींनी दोन्ही हातांनी घेतला.

त्या डिसेंबरात आम्ही तीन आठवडे वाईला गेलो. घर अजून तिचंच होतं. परत आलो ते रात्री उशिरा, कॉरिडॉरमध्ये ट्यूबलाइट चालू. समोरचं दार बंद होतं. तुळशीला नवी पानं फुटली होती, माती ओली होती, आणि कुंडीशेजारी कठड्यावर तांब्या घासून पालथा घातलेला होता.